तीन काळे ठोकळे

सोलापूर शहरानं मराठी वाङ्मयाला आजवर एकच युगप्रवर्तक विनोदकार दिला आहे, आणि तो म्हणजे शिवयोगी बिराजदार.

हे वाक्य माझ्या सत्काराच्या पत्रिकेत होतं. शिवयोगी बिराजदार म्हणजे मी. वाक्यही मीच लिहिलं होतं. सत्कार समितीला तेवढी सवड नव्हती, आणि समितीत मी होतोच. सन एकोणीसशे सत्तावीसच्या आश्विनात ही पत्रिका घरोघर गेली तेव्हा एकाही माणसानं शंका काढली नाही. हे मी अकरा वर्षं माझ्या लौकिकाचं लक्षण समजत होतो. आज ती पत्रिका पुन्हा पुढ्यात घेऊन बसलो आहे, तर दिसतं ते असं: 'तो म्हणजे' इथवरचं वाक्य वरच्या चार बोटांत आटपलं आहे, त्याखाली वीतभर कोरा कागद आहे आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत माझं नाव. ती वीतभर जागा ओलांडून माणूस नावापर्यंत पोचतो, तोवर शंका विचारायचं बळ त्याच्यात उरत नाही.

वाक्य माझं होतं. जागा माझी नव्हती.

त्या काळी मी एका मिलच्या हापिसात पत्रव्यवहार बघायचो आणि उरलेल्या वेळात 'कुसळ' नावाचं विनोदी मासिक काढायचो. विनोदी हे मुखपृष्ठावर छापलेलं असायचं, त्यामुळे वाचकांना कळायचं. मासिक छापलं जायचं मंगळवार पेठेत तिप्पण्णांच्या छापखान्यात. तिप्पण्णा भला माणूस, पण कोऱ्या कागदाचा वैरी. चादरींची लेबलं आणि लग्नपत्रिका छापण्यात हयात गेलेली. बोटभर जागा मोकळी दिसली की तिथं गणपती नाहीतर गुलाबाचं फूल बसवायचे. मी लिहिलेल्या एका मृत्युलेखात त्यांनी गुलाब बसवला होता.

त्यांच्याकडे मायाप्पा नावाचा जुळारी होता. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. माळशिरस तालुक्यातला धनगर. घरची मेंढरं धाकट्या भावांवर सोडून सोलापुरात आला आणि छापखाना झाडता झाडता अक्षरं शिकला. पण शिकला ती खिळ्यांवरून, आणि खिळ्यावर अक्षर उलटं असतं. त्यामुळे तो उलटं घडाघडा वाचायचा आणि सुलटं अडखळत. छापलेलं पान हातात दिलं की आधी ते उलटं धरायचा, मग आपण कुठं आहोत हे आठवून सरळ करायचा.

'कुसळ'चं तिसरं वर्ष चालू असताना मी 'नळाचं उद्घाटन' नावाचा लेख दिला. एका नगरीचे अध्यक्ष नव्या नळापुढे दोन तास बोलतात, मग तोटी फिरवतात आणि एक थेंब पडतो, एवढीच गोष्ट. त्यापुढे मी नागरिकांच्या कर्तव्यावर दीड पान उपदेश जोडला होता. तो मला लेखाचा आत्मा वाटत होता.

प्रूफ बघायला गेलो, तर डाव्या पानावर सगळं भाषण एकाच गच्च ठोकळ्यात बसवलेलं. कुठं परिच्छेद नाही, श्वास नाही. बघूनच घशाला कोरड पडावी. आणि उजवं पान अख्खं कोरं, फक्त तळाला एक पूर्णविराम. तोही नाटकाच्या जाहिरातीच्या लाकडी खिळ्यांतला, सुपारीएवढा.

"मायाप्पा, माझा उपदेश कुठंय?"

"काढला."

"काढला म्हणजे?"

"आण्णा, थेंब पडला की. त्याच्या म्होरं आणि काय बोलायचं?"

तिप्पण्णा मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "काय रे मायाप्पा, अख्खं पान कोरं? लोक म्हणतील छापायचं राहिलं. निदान दोन गुलाब तरी टाक."

"कोरं न्हाय मालक, भरल्यालं हाय," मायाप्पा म्हणाला. "उचलून बघा की."

दगडी टेबलावर ते पान लोखंडी चौकटीत आवळून ठेवलेलं होतं. तिप्पण्णांनी दोन्ही हातांनी उचलून बघितलं आणि लगेच खाली ठेवलं. छापील पानाइतकंच जड. कारण खिळ्यांच्या कामात मोकळी जागासुद्धा शिशाचीच असते. अक्षराशेजारी जिथं काही उमटायला नको तिथं कोरे खिळे बसवावे लागतात. ते जरा बुटके असतात, एवढंच. त्यांच्या डोक्याला शाई लागत नाही.

"मोकळी जागा काय फुकट येती व्हय?" मायाप्पा म्हणाला. "अक्षराएवढंच वजन हाय तिला."

तिप्पण्णांनी त्या दिवशी गुलाबाचं नाव काढलं नाही.

अंक बाहेर पडला आणि गाव हसलं. माणिक चौकात एक जण हॉटेलच्या पायरीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ते कोरं पान दाखवत होता आणि बोटानं थेंब पडल्यासारखं करत होता. मी तिथून मुद्दाम तीनदा गेलो. घरी आलो तर माझी बायको चन्नम्मा चुलीपुढं अंक घेऊन पदर तोंडाला लावून हसत होती.

"आवडलं ना?" मी म्हणालो. "शेवटी लेखणीत—"

"परवा हेच तुम्ही मला वाचून दाखवलंत. तेव्हा मी हसले का?"

"नाही."

"मग झालं तर."

चन्नम्माचं बोलणं मी मनावर घेत नसे, पण दुसऱ्या दिवसापासून हापिस सुटलं की छापखान्यात जाऊन मायाप्पाच्या हाताकडे बघत बसू लागलो. तो डाव्या हातात पट्टी धरून उजव्यानं खिळे उचलायचा, आणि दर पाचसहा ओळींनी थांबून, डोळे बारीक करून, जे जुळवलं त्याच्याकडे नव्हे तर त्याच्या बाजूला बघायचा.

"काय बघतोस?"

"मेंढरं शेतात बसवतो न्हवं आमी, खतासाठी," तो म्हणाला. "रानात शंभर बसत्यात म्हणून शंभर कोंबायची न्हाईत. मधी वाट ठेवायची. वाट असली तर मेंढरू निवांत बसतंय आणि मालकालाबी मोजता येतंय. न्हायतर नुस्ती लोकर दिसती."

मी तोवर सोळा वर्षं लिहीत होतो आणि माझ्या लेखांत नुसती लोकर दिसत होती.

मग मी त्याच्यासाठी लिहू लागलो. आधी पानाचा आकार मनात यायचा, शब्द मागून. लग्नाच्या पंगतीवर लेख केला, तो त्यानं असा मांडला की दोन्ही कडांना जेवणाऱ्यांची बोलणी समोरासमोर बसली आणि मधल्या मोकळ्या पट्टीतून वाढप्याचं 'सावकाश होऊ द्या' हे एकच वाक्य वरून खालपर्यंत चालत गेलं, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचता पोचता बारीक होत विरून गेलं. शेवटच्या माणसाला भात मिळाला नाही हे मला लिहावंच लागलं नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या अंकात एक अफवा एकेका अक्षराच्या रुंदीनं पान उभं चिरत जत्रेतल्या मानाच्या काठीसारखी वर चढवली होती. ती वाचताना लोकांच्या माना खरोखरच वर जायच्या. मी कोरा कागद घेऊन बसायचो आणि काय लिहू याच्याआधी हितं काय नको हे बघायचो. आयुष्यात मला सुचलं असं काही असेल तर ते त्या दीड वर्षात सुचलं, आणि ते सगळं त्या माणसाच्या बोटांकडे बघून.

श्रावणात तो चार दिवस गावी जाऊन आला. आल्यावर खिळे उचलायचे सोडून उगाच पेटी पुसत बसला.

"काय झालं रे?"

"धा अंक नेलं व्हतं आईला दाखवाया," तो म्हणाला. त्याची आई केराबाई. मायाप्पा सोलापुरात कुणाच्या तरी दुकानात झाडू मारतो अशी तिची पक्की समजूत होती. "तिनं समदी पानं उलटून बघितली. म्हणली, ह्यात तू कुटं हायस? म्या म्हणलं, ही मोकळी जागा हाय न्हवं, ती म्या केलीया. तर म्हणली, मोकळी जागा आपल्या माळावर लई हाय की. त्याला सोलापूरला कशाला जाया लागतंय?"

मी हसलो. तो हसला नाही.

"आण्णा, एक ओळ टाका माझी. शेवटच्या पानावर, तळाला. बारीक चालंल. दिवाळीला घरी जातो तवा आईचं बोट धरून त्याच्यावर ठेवीन. हितं हाय मी, म्हणीन. तिला वाचाया येत न्हाय, पर बोट ठेवाया कायतरी पायजे."

मी म्हणालो, "ओळ कशाला, चौकट टाकू." बोलण्यात मी कधीच हात आखडता घेतला नाही.

"चौकट नगं," तो म्हणाला. "जागा जाईल."

आश्विनात पुण्याहून पत्र आलं. तिथल्या एका वजनदार मासिकाचे संपादक. त्यांनी लिहिलं होतं की लेखणी आणि मांडणी एकाच हातात असलेला आपण पहिलाच मराठी लेखक पाहतो आहोत. कार्तिकातल्या सत्काराला ते स्वतः येणार होते, आणि दिवाळी अंक वाचून माझ्यावर मोठा लेख लिहिणार होते. हे पत्र मी सात वेळा वाचलं. त्यात एक चूक होती ती माझ्या लक्षात आली नाही असं नाही. ती दुरुस्त करणारं उत्तर मी लिहिलंही. ते उत्तर इतकं प्रांजळ आणि सुंदर उतरलं की पाठवायचा धीर झाला नाही. मी ते जपून ठेवलं.

दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानांची चौकट, वसुबारसेच्या आदल्या दिवशी आवळला गेला. तळाला ओळ होती. मायाप्पानं ती स्वतः जुळवली होती: मांडणी, मायाप्पा धुळा वाघमोडे. जुळवायला त्यानं सकाळपासून दुपार केली. शब्दांमधली जागा तो केसाएवढी कमीजास्त करत होता. मग पाचरी ठोकून चौकट पक्की केली, हात धुतले आणि आईसाठी लुगडं आणायला बाजारात गेला. उद्या पहाटेच्या गाडीनं निघायचं होतं. तिप्पण्णा जेवायला घरी गेले होते. मशीनवाला बाहेर ओट्यावर भाकरी खात होता.

मी तिथं एकटा होतो. मी स्वतःला सांगितलं की हा एकच अंक. पुण्याचे गृहस्थ येऊन गेले, त्यांचा लेख छापून आला, की पुढच्या अंकात ओळ टाकू, आणि चौकटही टाकू. एक पाचर सैल केली आणि चिमट्यानं ती ओळ उचलली. तळहातावर शिशाची एक कांडी, बोटाएवढी. उलटं मला वाचता येत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं झालं. खिळे सुटू नयेत म्हणून सुतळीनं बांधून ती मी कोटाच्या खिशात टाकली.

आता तिथं भोक पडलं होतं. कोरे खिळे कुठल्या पेटीतून घ्यायचे हे मी दीड वर्ष बघत आलो होतो, पण बघणं निराळं. जाहिरातीच्या पेटीतले तीन मोठे कोरे ठोकळे घेतले, ते बसल्यासारखे झाले. राहिलेल्या फटीत कागदाची घडी कोंबली. पाचर परत ठोकली.

मशीन सुरू झाली. पहिल्या वीस-पंचवीस प्रती मी उभा राहून बघितल्या. तळाला स्वच्छ पांढरं. मी घरी जाऊन चहा प्यालो.

सैल बसवलेला कोरा खिळा मशीनच्या हादऱ्यानं हळूहळू वर सरकतो. सरकत सरकत अक्षरांच्या उंचीला येतो, आणि मग त्याच्या डोक्यालाही शाई लागते. छापखान्यातल्या कोणालाही हे ठाऊक असतं. मी परत गेलो तेव्हा नऊशेवर प्रती छापून झाल्या होत्या आणि प्रत्येकीच्या तळाला, शुभ्र पानावर, तीन काळेकुळकुळीत ठोकळे उमटले होते. एका ओळीत. नावातल्या तीन शब्दांच्या जागी तीन.

"थांबवलं का नाहीस?" मी मशीनवाल्याला विचारलं.

"मला वाटलं मायाप्पाचं कायतरी नवीन असंल," तो म्हणाला.

तिप्पण्णाही म्हणाले, "मी पण बघितलं. म्हटलं बरं दिसतंय. गुलाबापेक्षा चांगलं." नव्यानं छापायला कागद उरला नव्हता आणि सकाळी अंक टपालात पडायचे होते.

दिवस कलताना मायाप्पा आला, काखेत लुगड्याची घडी. हिरवं, लाल काठाचं. त्यानं वरची प्रत उचलली, शेवटचं पान काढलं, उलटं धरलं, मग सरळ केलं. बराच वेळ बघितलं. अंगठा तीन ठोकळ्यांवरून फिरवला. शाई ओली होती, अंगठ्याला लागली.

"हे जाहिरातीच्या पेटीतलं हाईत," तो म्हणाला.

"मशीनच्या हादऱ्यानं काहीतरी वर आलं असेल," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "येतंय वर. नीट बसवलं नसलं की येतंय."

त्यानं मशीनमधल्या चौकटीकडे एकदा वाकून बघितलं, दोन प्रती लुगड्याच्या घडीत घातल्या, तिप्पण्णांना नमस्कार केला, मलाही केला, आणि गेला. माझा हात कोटाच्या खिशात होता. ओळ बोटांना लागत होती.

सत्कार जोरात झाला. तीन काळ्या ठोकळ्यांचीच चर्चा. एका वकिलांनी खात्रीनं सांगितलं की तिथं एक नाव होतं आणि सरकारनं ते पुसायला लावलं, तेव्हापासून लोक मला जरा हळू आवाजात नमस्कार करू लागले. पुण्याच्या संपादकांनी भाषणात सांगितलं की पहिला ठोकळा म्हणजे रूढी, दुसरा सत्ता आणि तिसरा स्वतः लेखकाचा अहंकार. तिसरा त्यांनी बरोबर ओळखला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या ठोकळ्यांविषयी मी काही न बोललेलंच बरं." यावर टाळ्या थांबेनात. त्या अख्ख्या भाषणात तेवढं एक वाक्य खरं होतं.

मायाप्पा परत आला नाही. मार्गशीर्षात माळशिरसकडच्या एका मेंढीवाल्याबरोबर निरोप आला की मेंढरं वाढलीत, येणं होत नाही. माळशिरस काही विलायतेत नाही. सकाळची गाडी धरली असती तर संध्याकाळी त्याच्या दारात पोचलो असतो. मी निरोप ऐकला आणि म्हणालो, "अस्सं."

नवा जुळारी आला. ओळी सरळ, समास सरळ, मोकळ्या जागेत गुलाब. चन्नम्मा पहिला अंक वाचून म्हणाली, "आता तुमचं लिहिलेलं सगळं नीट वाचता येतंय. हाच घोटाळा झालाय." गुढीपाडव्याला 'कुसळ' बंद पडलं. 'तीन ठोकळ्यांचा कर्ता' म्हणून मी मात्र बरीच वर्षं चाललो.

गेल्या साली, म्हणजे अडतीस सालच्या दिवाळीनंतर, मिलच्या हापिसातून निवृत्त होऊन घरी बसलो. चन्नम्मा चाव्यांचा डबा आवरत होती. त्यातून तिनं सुतळीनं बांधलेली शिशाची कांडी काढली.

"हे काय वो?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो, त्यामुळे लांबलं. ती डबा मांडीवर घेऊन ऐकत राहिली.

"अकरा वर्षं हे चाव्यांत ठेवलंत?"

"हो."

"जाऊन या," ती म्हणाली.

मी आधी तिप्पण्णांच्या छापखान्यात गेलो. आता त्यांचे चिरंजीव बघतात. मोठा जाड पांढरा कागद निवडला आणि त्यावर फक्त ती एक ओळ छापून घेतली, तळाला, जिथं ती असायला हवी होती तिथंच. बाकी सगळं पान कोरं. चिरंजीव म्हणाले, वर गुलाब टाकू का. मी म्हणालो, नको. सुरळी घेऊन घरी आलो, तर चन्नम्मा म्हणाली, "आता तरी साध्या तोंडानं सांगता येत नाही का? लगेच छापलंत?"

तोंडानं सांगायचंही मी तयार केलं होतं. मोटारीत माळशिरसपर्यंत ते मनाशी घोकत गेलो. तिथून त्याच्या वस्तीपर्यंत दीड कोस पायी.

तो दारात बसून कोकराच्या पायातला काटा काढत होता. काढत होता म्हणजे चाचपत होता. केस पांढरे झाले होते, बोटं तीच. त्यानं ओळखावं म्हणून मला बोलावं लागलं.

"आण्णा," तो म्हणाला. "या. बसा हितं, घोंगड्यावर."

भिंतीशी घोंगड्याची घडी होती, तिच्यावर बसलो. त्यानं पाणी दिलं, चन्नम्मा, तिप्पण्णा सगळ्यांची चौकशी केली. मग मी सुरळी सोडून कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं तो दोन्ही हातांनी लांब धरला. मग उलटा केला. मग सरळ. खूप वेळ बघत राहिला.

"जागा झ्याक सोडलीया," तो हळू म्हणाला. "शिकलासा."

सोळा आणि अकरा वर्षांच्या लेखनसंसारात इतकी मोठी पावती मला कोणी दिली नव्हती. मी म्हणालो, "मायाप्पा, तुझी ओळ मशीननं खाल्ली नव्हती. मी काढली. ते ठोकळे मी घातले."

"म्हाईत हाय की."

"कसं?"

"मधली पाचर उलटी ठोकली व्हती तुमी. जुळारी तसं ठोकत न्हाय." त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला. "दिवाळीला घरी आलो. आईनं लुगडं बघितलं. मग म्हणली, आन ते? कुटं हायस तू? मग तिचं बोट धरलं आणि त्या काळ्यावर ठेवलं. म्हणलं, हे मायाप्पा. हे धुळा. हे वाघमोडे. धुळा म्हणजे माझा बा. त्याच्यावरनं तिनं लई बार बोट फिरवलं. म्हणली, बाकीच्यांची अक्षरं केवढीशी, आन आपली केवढी ठळक."

कोकरू त्याच्या मांडीत तोंड घालत होतं. त्यानं त्याला थोपटलं.

"वस्तीवरच्या समद्यांस्नी दाखवली तिनं ती प्रत. वाचणारं कोणी नव्हतंच. पाच वर्सं झाली तिला जाऊन. तवर उशाला व्हती."

"मग तू परत का आला नाहीस?" मी विचारलं. "पुढच्या अंकात मी खरी ओळ टाकली असती." हे म्हणताना ते खरं आहे का, याची मला खात्री नव्हती.

"तेच की," तो म्हणाला. "खरी ओळ आली असती तर तीबी आईला दाखवाया लागली असती. बारीक, केवढीशी. मग ती म्हणली असती, ही खरी, तर मागची कोणाची?"

बाहेर मेंढरं आली, गेली. मोटारीत घोकलेलं सगळं भाषण आता बोलायची वेळ होती आणि मी ते बोललो. म्हणालो की 'कुसळ'मध्ये जे काही होतं ते तुझं होतं. मी फक्त शाई पुरवली. गाव ज्याला हसलं ती तुझी जागा होती, आणि मला जे सुचलं ते तुझ्या बोटांनी सुचवलं. मराठीत पान कसं मांडावं हे ज्यानं पहिल्यांदा दाखवलं त्याचं नाव मी खिशात घालून हार घालून घेतले. म्हणालो, हा कागद माफी म्हणून आणलेला नाही, माफीला एवढा कागद पुरणार नाही. पण त्याच्यावर जे आहे ते अकरा वर्षांपूर्वी जिथं असायला हवं होतं तिथंच आहे, तुझ्याच हातानं जुळवलेलं, त्यातला एक खिळाही मी हलवलेला नाही. तू ते वाचलंस, आणि वाचून काही बोलला नाहीस, यातच मला सगळं मिळालं.

माझे डोळे भरून आले होते. मायाप्पानं कागद पुन्हा उचलला, उजेडाकडे धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि खाली ठेवला.

"आण्णा, जरा उठता का?" तो म्हणाला. "तुमी माझ्या चष्म्यावर बसलाय. कागदावर काय हाय ते बघतो."